सहगुणक वाचायचा कसा? रिक्षाच्या मीटरपासून गच्चीवरच्या पावसापर्यंत

"७क्ष मधला ७ कोण?"
"सहगुणक."
"आणि सहगुणक म्हणजे काय?"
"क्षच्या आधी असतो तो आकडा."

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली पंधरा-सोळा वर्षं नववी-दहावीची मुलं गणित घेऊन बसतात, आणि हा संवाद दर जूनमध्ये एकदा तरी होतोच. उत्तर अगदी चूक म्हणता येत नाही, त्याला गुणही मिळतात. पण 'हे कोण?' विचारल्यावर 'ते दुसऱ्या मजल्यावर राहतात' म्हणण्यातला तो प्रकार आहे. पुढे अकरावीत घर्षण गुणांक येतो, प्रसरणांक येतो, सांख्यिकीत सहसंबंध गुणांक येतो. तिथे क्षही नसतो आणि 'आधी'ही नसतं. मग तीच मुलं सांगायला येतात, "ताई, हे वेगळं आहे, हा तो सहगुणक नाही." वेगळं काही नसतं. बीजगणितात आपण सहगुणक म्हणतो, विज्ञानात गुणांक म्हणतो, कधी नुसता शेवटी 'अंक' लावतो. कुळ एकच.

मराठीत या कल्पनेसाठी आपल्याकडे रोजच्या वापरातला एक शब्द आहे, तो म्हणजे 'मागे'. किलोमागे चाळीस रुपये, डझनामागे एक जास्तीचा, शेकड्यामागे दोन. माणसांच्या बाबतीत तेच 'माणशी' होतं. सहगुणक लिहितात क्षच्या आधी, पण वाचायचा 'क्षमागे किती' असा. एवढं पक्कं बसलं की पुढचं सगळं याच धाग्याने उलगडत जातं.

'आधी असतो तो' ही व्याख्या किती कच्ची आहे हे पाहायचं तर भास्कराचार्यांकडे जावं. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटलंय, लिहिताना नुसतं 'या'. सुट्या संख्येला 'रूप', म्हणजे 'रू'. आपण ज्याला ५क्ष + ८ म्हणतो ते त्या पद्धतीत 'या ५ रू ८' असं लिहिलं जाई. आकडा अक्षराच्या नंतर! ऋण असेल तर आकड्याच्या डोक्यावर टिंब. अज्ञात एकाहून जास्त असले तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. आमच्या टेबलावरचं उत्तर तिथे सरळ चुकलं असतं. 'या'मागे किती, हे वाचन मात्र तिथेही चाललं असतं.

पायरी १: पदं सुटी करा, चिन्हासकट

४क्ष² − क्ष + ९ घ्या. यात तीन पदं आहेत. क्ष² चा सहगुणक ४, क्षचा −१, आणि ९ हे स्थिर पद. वजाचं चिन्ह हे दोन पदांमधलं कुंपण नसतं, ते पुढच्या आकड्याचंच असतं. सूत्रात किंमती घालताना सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. आणि न दिसणारा १ विसरायचा नाही. क्ष एकटा दिसला म्हणजे क्षमागे एक. क्ष/४ असेल तर क्षमागे पाव. कंस असतील, समजा ३(क्ष − २) + क्ष, तर आधी सोडवून ४क्ष − ६ करा. कंस न सोडता 'क्षचा सहगुणक ३' म्हणणारे दर वर्षी भेटतात.

नववीत बहुपदी सहगुणक रूपात लिहायला शिकवतात. क्ष³ − ५क्ष + २ चं सहगुणक रूप (१, ०, −५, २), क्ष² चं पद नाही म्हणून त्याच्या जागी ०. मधला शून्य गाळला, तर वाचणारा ते क्ष² − ५क्ष + २ समजेल, आणि संश्लेषक भागाकार (नुसते सहगुणक मांडून करायचा तो) कागदावर सुंदर दिसूनही सपशेल चुकेल. मी मुलांना हजेरीपट आठवायला सांगते. मूल गैरहजर असलं तरी त्याचा रकाना कोणी पुसत नाही.

आता या पायरीतला खरा प्रश्न. ५क्षय (म्हणजे ५ × क्ष × य) या पदात सहगुणक कोण? 'पाच' हे उत्तर तुम्ही क्षयचा सहगुणक विचारत असाल तरच बरोबर. फक्त क्षचा विचारलात तर उत्तर ५य. म्हणजे 'सहगुणक काय?' हा प्रश्न अर्धवट आहे, 'कशाचा?' हे आधी ठरायला हवं. अंतर = वेग × वेळ या ओळखीच्या सूत्रात वेळेचा सहगुणक वेग आहे. तासामागे किती किलोमीटर, हेच ना ते?

सहगुणक अक्षरही असू शकतो, ही कल्पना युरोपात फ्रेंच गणिती फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ साली रुजवली. त्यांनी अज्ञातांना स्वर दिले आणि ज्ञात राशींना व्यंजनं. पुढे १६३७ मध्ये देकार्त यांनी वर्णमालेची सुरुवातीची अक्षरं ज्ञातांना आणि शेवटची अज्ञातांना दिली, तीच पद्धत आपण चालवतो. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० हे वर्गसमीकरण त्याच घराण्यातलं. (मधलं टिंब मी मुद्दाम देते. मराठीत टिंब न देता 'अक्ष' लिहिलं की त्याचा आस होतो, आणि आलेखाच्या तासाला घोळ व्हायला तेवढं पुरतं.)

पायरी २: 'मागे' लावून मोठ्याने वाचा, आणि एकक जोडा

ठाणे स्टेशनबाहेर मीटरची रिक्षा मिळाली, असं समजा. समजायला काय जातं! मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिल्या दीड किलोमीटरला किमान २६ रुपये, आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे. माजिवड्यापर्यंत ४ किलोमीटर धरू. बरीच मुलं लगेच मांडतात: २६ + १७.१४ × ४ = ९४.५६. हे चूक. पहिले दीड किलोमीटर २६ रुपयांत आलेच आहेत, उरले अडीच. म्हणजे २६ + १७.१४ × २.५ = ६८.८५, सुमारे ६९ रुपये.

यात एक गंमत दडली आहे. १७.१४ × १.५ करून पाहा: २५.७१. म्हणजे २६ रुपये हा रिक्षात बसण्याचा वेगळा आकार नाहीच, तेही किलोमीटरमागे १७.१४ याच दराने काढून पूर्ण रुपयात नेलेलं भाडं आहे. सगळ्या हिशेबाला आधार एका सहगुणकाचा. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं, तेव्हा हाच सहगुणक २१.४३ च्या आसपास जातो. सिग्नलला अडकल्याचा आकार वेगळा लागतो, तो मिनिटांमागे. म्हणजे दुसरा चल (बदलणारी राशी) आणि त्याचा स्वतःचा सहगुणक.

हेच आलेखावर काढा, आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर भाडं. दीड किलोमीटरपर्यंत रेघ सपाट जाते आणि तिथून चढायला लागते. एक किलोमीटर पुढे गेलं की १७.१४ रुपये वर. रेघेचा चढ तोच सहगुणक. शेअर रिक्षाची रेघ काढली तर ती शेवटपर्यंत सपाट, मधल्या नाक्यावर उतरा की शेवटच्या स्टँडवर, सीटचे पैसे तेवढेच. शेअर रिक्षात अंतराचा सहगुणक शून्य असतो. हे वाक्य एका मुलाने मला ऐकवलं होतं, आणि त्या दिवशी मी त्याला पुढे काही शिकवलं नाही.

एकक जोडायचं कशासाठी, तर अंतर मीटरमध्ये मोजलं की १७.१४ चे ०.०१७१४ होतात. रिक्षा तीच, भाडं तेच. आकडा हजारपट लहान झाला म्हणून अंतराचं महत्त्व कमी झालं का? एककाशिवाय सहगुणकाला लहान-मोठा म्हणताच येत नाही. याचा फटका पुढे फ्लॅटच्या किमतीत बसणार आहे.

पायरी ३: हा आकडा आला कुठून ते विचारा

शाळेत हे कोणी विचारत नाही, आणि मला मात्र सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच वाटतो. रिक्षाचा दर माणसांनी बसून ठरवला, उद्या बदलू शकतो. पोलाद उन्हात किती वाढतं हे कुणाच्या ठरवण्यावर नाही, मोजावं लागतं. रासायनिक समीकरणातले आकडे मोजावेही लागत नाहीत, अणूंचा हिशेब जुळवायचा तर ते तसेच यावे लागतात. आणि आकडेवारीतून काढलेले सहगुणक हा अंदाज असतो, तो त्या माहितीपुरताच. चारही 'मागे' असेच वाचायचे, पण विश्वास मात्र चारांवर सारखा टाकायचा नाही.

मोजलेल्यांपासून सुरुवात करते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पोलादाचा रेषीय प्रसरणांक अंदाजे ०.००००१२ आहे, एकक 'दर अंश सेल्सिअस'. हा वाचायचा कसा? इथे 'मागे' दोनदा येतं: मीटरमागे, अंशामागे, ०.००००१२ मीटर वाढ. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत रुळाच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरा. ३४,००० × ३० × ०.००००१२ = १२.२४ मीटर. ठाण्यापर्यंतचा एकसलग रूळ मोकळा सोडला, तर लोकलच्या अर्ध्या डब्याहून जास्त लांब होईल! १३ मीटरच्या एका रुळाला हीच वाढ ४.७ मिलीमीटर येते, जुन्या जोडांमध्ये फट ठेवत ती याचसाठी. गाडीची खटखट त्या जोडांची. आता रूळ जोडून लांबच लांब करतात आणि घट्ट बांधून ठेवतात. वाढायला वाव न मिळाल्याने तोच सहगुणक रुळात ताण बनून राहतो.

काँक्रीटचा प्रसरणांक पोलादाच्या जवळपास आहे. सळई आणि काँक्रीट बरोबरीने वाढतात, आकसतात, म्हणून घोडबंदर रोडचे टॉवर उभे राहू शकतात. दोघांच्या प्रसरणांकात मोठा फरक असता तर पहिल्या दोन-चार उन्हाळ्यांतच स्लॅबला तडे गेले असते.

घर्षण गुणांकाचं वैशिष्ट्य असं की तो एका वस्तूचा नसतो, जोडीचा असतो. 'रबराचा घर्षण गुणांक किती?' या प्रश्नाला उत्तर नाही. कशावर, हे सांगा. टायर आणि कोरडा रस्ता ही जोडी साधारण ०.७, ओला रस्ता ०.४ च्या आसपास. याला एकक नाही, कारण तो बलामागे बल असा आहे: दाबाच्या एका न्यूटनमागे घर्षणाचे किती न्यूटन. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल? वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षण गुणांक × ९.८). पाम बीच मार्गावर ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटरने, चाललेली गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते, ओल्यावर ३५ मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवा, ३७ आणि ५२. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-मातीचा पातळ थर असतो, तेव्हा ०.४ सुद्धा गृहीत धरू नका. चालवणारा तोच, वेग तोच, फक्त एक गुणांक बदललाय.

स्वयंपाकघरातले सहगुणक

ठाण्यात इमारतींना पाइपचा गॅस आला की शेगडी बदलत नाहीत, तिची नोझल बदलतात. का ते समीकरणातल्या सहगुणकांवरून कळतं.

पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत १ कार्बन, ४ हायड्रोजन. ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू. जळून होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. आता हिशेब जुळवा. १ कार्बनमुळे कार्बन डायऑक्साइडचा १ रेणू. ४ हायड्रोजनमुळे पाण्याचे २ रेणू. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले २ + २ = ४, म्हणून डावीकडे ऑक्सिजनचे २ रेणू.

१ मिथेन + २ ऑक्सिजन → १ कार्बन डायऑक्साइड + २ पाणी

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेनमध्ये ३ कार्बन, ८ हायड्रोजन:

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

ब्युटेनचं (४ कार्बन, १० हायड्रोजन) स्वतः करून पाहा. ऑक्सिजनला साडेसहा येतील. घाबरायचं कारण नाही, सगळं दुप्पट करा: २, १३, ८, १०. क्रम मात्र हाच ठेवा, आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. ऑक्सिजनपासून सुरुवात केली की गोल गोल फिरत बसता.

वाचन पुन्हा 'मागे'चंच. मिथेनच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे दोन, प्रोपेनच्या एकामागे पाच. तापमान आणि दाब सारखे असले तर वायूंच्या आकारमानालाही हीच प्रमाणं लागू पडतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे एक लिटर मिथेनला साडेनऊ लिटर हवा लागते आणि एक लिटर प्रोपेनला जवळजवळ चोवीस. तेवढ्याच आकारमानातून मिथेन उष्णताही कमी देतो. तितकीच आच हवी तर गॅस जास्त सोडावा लागतो, म्हणून पाइपच्या गॅसच्या नोझलचं भोक मोठं. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं. समीकरणातला ५ पुरा न पडल्याचा तो डाग.

इथली नेहमीची चूक म्हणजे हिशेब जुळेना झाला की मुलं रेणूच्या आतला बारीक आकडा, पादांक, बदलतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा १ होता, तो २ केला, समीकरण जुळलं, काम झालं! काम झालं खरं, पण ते पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. सहगुणक रेणू किती ते सांगतो, पादांक रेणू कोणता ते. पहिल्याला हात लावायचा, दुसऱ्याला नाही.

अंदाजाचे सहगुणक: सगळ्यात जास्त फसवणारे

घरांच्या किमतींची माहिती गोळा करून कोणी असं सूत्र काढलं समजा (आकडे माझ्या मनाचे आहेत):

किंमत लाखांत = ०.१५ × चौरस फूट − १.५ × स्टेशनपर्यंत चालायची मिनिटं + २०

पहिल्या नजरेला काय वाटतं? १.५ हा ०.१५ च्या दहापट, तेव्हा स्टेशन जवळ असणं क्षेत्रफळापेक्षा दहापट महत्त्वाचं. आता ६०० चौरस फुटांचं, स्टेशनपासून १० मिनिटांवरचं घर घ्या. क्षेत्रफळाचा वाटा ९० लाख, चालण्याची वजावट १५ लाख. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहिलं, तर ०.१५ च्या जागी १.६१ येईल, कारण एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. घर तसूभर न हलता 'लहान' सहगुणक 'मोठा' झाला. वेगळ्या एककांचे सहगुणक एकमेकांशी ताडून पाहू नका.

आणि १.५ चं वाचन करताना एक शेपूट लावायचंच: 'बाकी सगळं तेच असताना' मिनिटामागे दीड लाख कमी. बाकी सगळं प्रत्यक्षात तेच राहत नाही. नवी मुंबईत स्टेशनजवळच्या इमारती वेगळ्या काळातल्या, लांबच्या वेगळ्या. सूत्रात नसलेली इमारतीची वयं त्या दीड लाखात लपून बसलेली असू शकतात.

सहसंबंध गुणांकाला एकक नसतं, तो −१ ते +१ यांच्या दरम्यान राहतो. चौरस फुटांचे चौरस मीटर करा, तो ढिम्म हलत नाही. पण तो 'मागे किती' हे सांगतच नाही! दोन गोष्टी एकमेकींना किती घट्ट धरून सरळ रेषेत चालतात, एवढंच सांगतो. ठाणे स्टेशनबाहेरची छत्र्यांची विक्री आणि लोकलचा उशीर यांची रोजची नोंद ठेवली, तर जून-जुलैत दोन्ही एकदम वाढलेले दिसतील आणि गुणांक धन येईल. छत्र्यांमुळे लोकल रखडत नाही, दोघांमागे पाऊस आहे. उलट उदाहरणही घरचंच. थंडीत गीझर, उन्हाळ्यात एसी, मधल्या महिन्यांत दोन्ही बंद. तापमान आणि वीजवापर यांचा संबंध तर स्पष्ट, पण आलेख वाटीच्या आकाराचा. अशा वेळी सहसंबंध गुणांक शून्याच्या आसपासही येऊ शकतो. शून्य म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही, इतकंच.

पायरी ४: हा आकडा कुठवर खरा?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत पर्जन्यजल संकलनाचा विषय निघाला. एका उत्साही सभासदांनी कागदावर मांडलं: भूखंड १,००० चौरस मीटर, ठाण्याचा वर्षाचा पाऊस सुमारे २,५०० मिलीमीटर, एक मिलीमीटर पाऊस चौरस मीटरमागे एक लिटर. एकूण २५ लाख लिटर. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. मी हात वर केला, आणि तो पुढचा अर्धा तास खाली येऊ दिला नाही.

पडलेलं सगळं पाणी वाहत येत नाही. काही मुरतं, काही उडून जातं, काही खड्ड्यात साचतं. पडलेल्या एका लिटरमागे किती लिटर वाहून येतं, तो अपधाव गुणांक. स्लॅबच्या गच्चीला साधारण ०.७५ ते ०.९५, बागेला ०.०५ ते ०.३५, मातीवर आणि उतारावर अवलंबून. आमची वाटणी अशी: गच्ची ४०० चौरस मीटर, गुणांक ०.९ धरला. काँक्रीटचं आवार ३५०, गुणांक ०.८५. बाग २५०, गुणांक ०.२. यांची भारित सरासरी काढायची:

(४०० × ०.९ + ३५० × ०.८५ + २५० × ०.२) ÷ १,००० = ०.७१ (जवळपास)

म्हणजे २५ लाखांचे पावणेअठरा लाख झाले. त्यातलं आवाराचं पाणी गाड्यांच्या तेलातून वाहून येतं, ते टाकीत कोण घेणार? उरली गच्ची: ४०० × २,५०० × ०.९ = ९ लाख लिटर. आता दुसरा 'मागे' लावा. पाणीपुरवठ्याच्या नियोजनात शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. ४० घरं, घरटी ४ माणसं, रोजची गरज २१,६०० लिटर. ९ लाख भागिले २१,६००, सुमारे ४२ दिवस. वर्षभराचा गच्चीवरचा सगळा पाऊस साठवता आला, तरी ४२ दिवस. तोही वर्षभर थोडा थोडा येत नाही, चार महिन्यांत कोसळतो. १०० मिलीमीटरच्या एका दिवशी एकट्या गच्चीवरून ३६,००० लिटर उतरतील. टाकी किती मोठी बांधायची हे त्या दिवसावरून ठरतं, वर्षाच्या सरासरीवरून नाही.

बागेचा ०.२ सुद्धा जूनमधला. जुलैच्या मध्यात माती पाण्याने तुडुंब भरलेली असते, मुरायला जागा नसते, तेव्हा तीच बाग कितीतरी जास्त पाणी बाहेर सोडते. रिक्षाचा १७.१४ दीड किलोमीटरच्या आत दिसत नाही, घर्षणाचा ०.७ पाऊस पडला की संपतो, तसंच हे. सहगुणक बहुतेक वेळा एका पट्ट्यापुरता स्थिर असतो.

नवी मुंबईची उभारणीच या गुणांकाशी झटापट करत झाली आहे. खाडीलगतची सखल जमीन, भरतीच्या वेळी पाणी बाहेर सोडायची सोय नाही. म्हणून सिडकोने धारण तलाव ठेवले. भरती असताना झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. एक हेक्टर मोकळ्या जमिनीवर ५० मिलीमीटर पाऊस पडला आणि गुणांक ०.३ असेल तर दीड लाख लिटर वाहतात. तिथे काँक्रीट ओतून गुणांक ०.९ केला की साडेचार लाख. पाऊस तेवढाच, तलाव तेवढाच. आणि तलावात गाळ साचून तो उथळ झाला असेल, तर उरलेलं पाणी कुठे जातं हे तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा.

आता तुमची पाळी

वीजबिल काढा. त्यात स्थिर आकार कोणता, युनिटमागचा दर कोणता, आणि तो वापराच्या टप्प्यागणिक कुठे बदलतो, ते आलेखावर काढा. रेघ एकसलग सरळ येणार नाही, टप्प्याटप्प्याने उभी होत जाईल. ज्या ठिकाणी ती वळते तिथे सहगुणक बदललाय. मग सोसायटीचं देखभाल बिल घ्या. कुठला आकार घरामागे, कुठला चौरस फुटामागे, कुठला गाडीमागे? निम्मी भांडणं 'किती'वरून नसून 'कशामागे'वरून चाललेली असतात, हे तिथेच दिसेल.

आणि कंटाळा आला तर भास्कराचार्यांच्या पद्धतीने मांडलेलं हे सोडवा. आकडे मी घातले आहेत. ते दोन बाजू एकाखाली एक लिहीत, दोन्ही समान:

या ५ रू ८
या ७ रू २

वरच्या ओळीत 'या'मागे पाच, खालच्या ओळीत सात. दोनाचा फरक रूपांतल्या सहाच्या फरकाने भरून निघतोय. या = ३.